आजारी कुत्र्याला काय खाऊ घालावं? मोतीच्या डब्याची गोष्ट



आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक कुत्रा असायचा. मोती. तांबूस रंगाचा, एका कानाचं टोक तुटलेलं, अस्सल गावठी. कोणाचाच नाही आणि म्हणून सगळ्यांचा. परिपाठाची घंटा झाली की तो शेवटच्या रांगेमागे येऊन बसायचा, आणि खिचडीची सुट्टी झाली की सगळ्यांच्या पुढे. गावात कोणी नवीन माणूस आला की शाळेचा पत्ता असा सांगायचे, "ज्या शाळेत मोती बसते ना, तीच."

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मोती बदललेला दिसला. बरगड्या दिसत होत्या. हापशीखालच्या डबक्यातलं पाणी सारखं पीत होता. खिचडीला तोंड लावत नव्हता. तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मोती काहून खात नाही?"

मी ठरवून टाकलं की अशक्तपणा आला असेल. आठवडी बाजारातून कोंबडीची कलेजी आणली, घरून दूध आणलं, उकडलेली अंडी आणली. मुलांना सांगितलं, आता आपण मोतीला चांगलंचुंगलं खाऊ घालू. पहिल्या दिवशी त्याने थोडं खाल्लं. तिसऱ्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या. तोंडाला एक विचित्र, लघवीसारखा वास येऊ लागला. मग मात्र त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन ३.१. मूत्रपिंडं बिघडली होती.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही दिलं ते अन्न चांगलंच होतं. पण त्याच्या आजारासाठी ते चांगलं नव्हतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं, वहीत लिहून ठेवलं आणि मुलांसोबत करून पाहिलं, ते आज इथे मांडते आहे. घरी कुत्रा असलेल्या पालकांना आणि शाळेच्या आवारात एखादा मोती असलेल्या शिक्षकांना याचा उपयोग व्हावा.

आधी माती परीक्षण, मग खत

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन आणि कपाशी करणाऱ्या कोणत्याही पालकाला विचारा. पीक पिवळं पडलं तर ते नत्र कमी पडल्यामुळे असेल, लोह कमी पडल्यामुळे असेल, नाहीतर मुळाशी पाणी साचल्यामुळे. तिन्हीला उपाय वेगळा. न तपासता डीएपीची गोणी ओतली तर पैसाही जातो आणि पीकही.

कुत्र्याचं तसंच आहे. "बारीक झाला" हे लक्षण आहे, आजार नाही. जंत झाले तरी कुत्रा बारीक होतो. मधुमेह, गोचीड ताप, मूत्रपिंडाचा आजार, दातदुखी, यातलं काहीही झालं तरी बारीक होतो. प्रत्येकात आहार वेगळा. मधुमेहात जे द्यायचं ते मूत्रपिंडाच्या आजारात चालेलच असं नाही. म्हणून पहिला प्रश्न "काय खाऊ घालू?" हा नाही. पहिला प्रश्न आहे "याला झालंय काय?"

यासाठी रक्ताची, लघवीची आणि शेणाची म्हणजे विष्ठेची तपासणी लागते. बहुतेक वेळा या तीन तपासण्यांतून पुढची दिशा कळते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी दाखवावं. आपल्या शेजारी अकोल्यात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे माफसूची, पशुवैद्यक संस्था आहे. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. हे पथक मुख्यतः गायी-म्हशींसाठी असतं, तरी फोन करून आपल्या भागात कुत्र्यासाठी काय सोय आहे ते विचारून घ्यावं.

युरिया आणि स्फुरद

मोतीचा आजार समजून घेताना मला खताच्या गोणीचीच मदत झाली.

मांस, अंडी, डाळ, दूध यांत प्रथिनं असतात. प्रथिनांत नत्र असतं. शरीर प्रथिनं वापरतं तेव्हा उरलेल्या नत्राचा यकृतात युरिया तयार होतो. हो, तोच युरिया. गोणीतला आणि रक्तातला, दोन्हींचं रसायन एकच आहे. मूत्रपिंडं हा युरिया गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. ती थकली की युरिया रक्तात साचतो. मग मळमळ, उलट्या, तोंडात फोड, तोंडाला वास. मोतीच्या तोंडाचा तो वास याचाच होता.

दुसरा घटक स्फुरद, ज्याला डॉक्टर फॉस्फरस म्हणतात. डीएपीच्या गोणीवर १८:४६ लिहिलेलं असतं, त्यातला ४६ हा आकडा स्फुरदाचा. पिकाला ते हवं असतं, हाडांनाही हवं असतं. पण आजारी मूत्रपिंडं जास्तीचं स्फुरद बाहेर टाकू शकत नाहीत. रक्तात स्फुरद वाढलं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं आणि उरलीसुरली मूत्रपिंडंही लवकर खराब होतात. म्हणून या आजाराच्या आहारात सर्वांत आधी स्फुरद कमी करतात.

आता मी मोतीला काय देत होते ते पहा. कलेजी, दूध, अंड्याचा पिवळा बलक. तिन्ही स्फुरदाने भरलेले. हाडं तर त्याहून जास्त. म्हणजे ज्याची निचऱ्याची नाली तुंबली आहे, त्याच वाफ्यात मी आणखी पाणी सोडत होते.

मूत्रपिंडाच्या आजाराचे पशुवैद्यक चार टप्पे मानतात. क्रिएटिनिन २.९ ते ५.० असेल तर तिसरा टप्पा. मोती त्यात होता. यातली कठीण गोष्ट अशी की मूत्रपिंडांचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडल्यावरच क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं. म्हणून सात-आठ वर्षांवरच्या कुत्र्याची वर्षातून एकदा रक्त-लघवी तपासून घेतलेली बरी. आणि सारखी तहान लागणं हे पहिलं लक्षण, तिथेच सावध व्हायचं.

मोतीसाठी डॉक्टरांनी वजन आणि रिपोर्ट पाहून आहार लिहून दिला. त्याचा साचा असा होता:

- मुख्य भाग शिजवलेला पांढरा भात. पॉलिश केलेल्या तांदळात स्फुरद कमी असतं. अख्ख्या धान्यात आणि डाळीत ते जास्त असतं.
- प्रथिनांसाठी मुख्यतः अंड्याचा शिजवलेला पांढरा भाग. चांगल्या प्रतीचं प्रथिन, स्फुरद अगदी कमी.
- ताकद येण्यासाठी थोडं तेल.
- थोडा उकडलेला दुधी किंवा गाजर.
- मीठ, मसाला, दूध, कलेजी, हाडं बंद.
- सोबत डॉक्टरांनी दिलेली जीवनसत्त्वं आणि अन्नातलं स्फुरद बांधून ठेवणारं औषध.

प्रमाण मी मुद्दामच इथे लिहीत नाही, कारण ते मोतीचं होतं. तुमच्या कुत्र्याचं वेगळं असेल. आणि एक गैरसमज दूर करते. प्रथिनं पूर्ण बंद करायची नसतात. ती बंद केली तर शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं. कमी, पण चांगल्या प्रतीची द्यायची. किती कमी, ते आजाराच्या टप्प्यावर ठरतं.

पाणी मात्र कधीच तोडायचं नाही. रात्री घरात लघवी करतो म्हणून काही जण संध्याकाळनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवतात. हे फार घातक आहे. आजारी मूत्रपिंडं पाणी धरून ठेवू शकत नाहीत म्हणून तो सारखा पितो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा तर सावलीत दोन ठिकाणी भांडी भरलेली हवीत. आम्ही व्हरांड्यात एक मातीचं परळ ठेवलं आणि ते भरायची पाळी हजेरी क्रमांकाप्रमाणे लावली.

बडी नावाची कुत्री

आजारानुसार कुत्र्याचा आहार ही कल्पना कुठून आली, याची गोष्ट मी मुलांना सांगितली. त्यांना ती खूप आवडली.

अमेरिकेत मॉरिस फ्रँक नावाचे एक अंध गृहस्थ होते. त्यांना रस्ता दाखवणारी जर्मन शेफर्ड कुत्री होती, तिचं नाव बडी. १९३९ च्या सुमारास बडीची मूत्रपिंडं बिघडली. फ्रँक यांनी न्यू जर्सीतले पशुवैद्य डॉ. मार्क मॉरिस यांची मदत घेतली. डॉ. मॉरिस यांनी प्रथिनं, स्फुरद आणि मीठ यांचा हिशोब करून तिच्यासाठी खास अन्न तयार केलं. फ्रँक बडीला घेऊन गावोगाव फिरायचे आणि अन्नाच्या काचेच्या बरण्या प्रवासात फुटायच्या. मग डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी यांनी घरच्या स्वयंपाकघरातच ते अन्न पत्र्याच्या डब्यांत बंद करायला सुरुवात केली. पुढे १९४८ मध्ये एका कंपनीने ते बनवायला घेतलं. आज दुकानात "रीनल" असं लिहिलेली जी पाकिटं मिळतात, त्यांची सुरुवात ही अशी एका स्वयंपाकघरात झाली.

याचा उपयोग खरंच होतो का? २००२ साली अमेरिकेत ३८ आजारी कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मूत्रपिंडासाठीचं खास अन्न खाणाऱ्या कुत्र्यांची तब्येत एकदम ढासळण्याची वेळ नेहमीचं अन्न खाणाऱ्यांपेक्षा बरीच उशिरा आली आणि ते जास्त जगले. आजार बरा होत नाही, पण दिवस वाढतात आणि ते दिवस बऱ्यापैकी जातात.

किती द्यायचं? हा गणिताचा तास

काय द्यायचं याइतकंच किती द्यायचं हे महत्त्वाचं. यासाठी पशुवैद्यक एक सूत्र वापरतात. कुत्र्याचं वजन किलोत घ्या. त्याचा घन करा. दोनदा वर्गमूळ काढा. त्याला ७० ने गुणा. स्वस्थ पडून राहण्यासाठी रोज लागणाऱ्या कॅलरी मिळतात.

मोतीचं चांगल्या दिवसांतलं वजन १६ किलो होतं.

१६ × १६ × १६ = ४०९६
वर्गमूळ ६४
पुन्हा वर्गमूळ ८
८ × ७० = ५६०

म्हणजे ५६० कॅलरी. नसबंदी झालेल्या, साधारण हालचाल करणाऱ्या कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणतात, म्हणजे सुमारे ९००. आजारात हा आकडा डॉक्टर कमी-जास्त करतात.

आता ग्लुकोज बिस्किटांचा हिशोब लावा. १०० ग्रॅम बिस्किटांत साधारण ४५० कॅलरी असतात. पाचवीच्या मुलांनी फळ्यावर मांडणी करून दाखवली, की वर्गातल्या प्रत्येकाने एकेक बिस्किट दिलं तर मोतीचं अर्ध्या दिवसाचं जेवण नुसत्या साखर-मैद्यातच होतं. पोट भरलेलं आणि कामाचं काहीच नाही. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहाव्या भागाहून जास्त नको, असा नियम आहे. मोतीच्या मापाच्या निरोगी कुत्र्याला म्हणजे जास्तीत जास्त वीस ग्रॅम.

कुत्र्याचं वजन कसं करायचं? त्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्याने उभं राहा, वजाबाकी करा. तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी इतक्या आनंदाने करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

काटा नसेल तर हाताची परीक्षा. मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या वरच्या उंचवट्यांवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा फार बारीक. आता मूठ उघडून हात सपाट धरा आणि पंजाच्या मागच्या बाजूवरून बोटं फिरवा. हाडं दिसत नाहीत पण सहज लागतात. बरगड्या अशा लागल्या तर वजन बरोबर. तळहाताच्या बाजूसारख्या मऊ, दाबल्याशिवाय न लागणाऱ्या असतील तर कुत्रा लठ्ठ.

आजारानुसार थोडक्यात

लठ्ठपणा. शहरातल्या पाळीव कुत्र्यांत हा फार दिसतो. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांना जन्मभर अभ्यासलं. निम्म्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं. ते सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. वजन उतरवायचं ते आठवड्याला एक ते दोन टक्के, उपास घडवून नाही.

स्वादुपिंडाचा दाह. अचानक उलट्या, पोट दुखतं म्हणून पाठ वाकवून उभं राहणं, अन्न नको. लग्नाची पंगत किंवा मटणाचं जेवण झाल्यावर उरलेली तर्री आणि चरबी कुत्र्याला घातली की हे होऊ शकतं. यात आहार अगदी कमी स्निग्ध हवा. संत नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण वर्गात सांगतो. कोरडी पोळी त्याला लागेल ही काळजी त्यात आहे. या आजाराच्या कुत्र्याच्या बाबतीत त्याच काळजीपोटी तूप दूर ठेवायचं.

मधुमेह. इथे काय खातो याइतकंच केव्हा खातो हे महत्त्वाचं. रोज तेच अन्न, तेवढंच, त्याच दोन वेळांना आणि त्यासोबत इन्सुलिन. गूळ, बिस्किटं, पेढे बंद. जेवला नाही तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीचा डोस द्यायचा नाही.

त्वचेची खाज. आधी गोचीड आणि पिसवा पाहा, कारण बहुतेक वेळा दोषी तेच असतात. ते नसतील तर अन्नाची ॲलर्जी तपासतात. कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्ट पदार्थ निदान आठ आठवडे द्यायचा. मध्ये कोणी एक बिस्किट जरी दिलं तरी परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

जुलाब. मोठा कुत्रा असेल आणि हुशारीत असेल तर दोन-तीन दिवस मऊ भात आणि उकडलेली, बिनमसाल्याची, बिनहाडाची कोंबडी थोडी थोडी. दूध नको, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही. पिल्लाला जुलाब-उलट्या झाल्या किंवा रक्त पडलं तर घरगुती उपाय नको, त्याच दिवशी दवाखाना. तो पार्व्हो असू शकतो.

मुतखडा. खड्याचे प्रकार वेगवेगळे आणि आहारही वेगळा. खडा कोणता हे कळल्याशिवाय आहार बदलू नये.

हृदयाचा आजार. मीठ कमी. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे, फरसाण पूर्ण बंद.

आपल्या ताटातलं काय अजिबात नको

हे आजारी आणि निरोगी दोन्ही कुत्र्यांसाठी.

- कांदा आणि लसूण. कच्चा, शिजलेला, मसाल्यातला, कोणताही. यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शाळेची खिचडी आपल्यासाठी उत्तम आहे, पण तिच्यात कांदा-लसूण आणि मीठ असतं. उरलेली खिचडी कुत्र्याला घालायची सवय आम्ही बंद केली.
- द्राक्षं, मनुका, बेदाणे. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्याशा द्राक्षांनीही एकदम निकामी होतात. त्यातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं असं अलीकडच्या अभ्यासातून पुढे आलं आहे. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची नोंदही आहे. म्हणून चिंचेची आमटी, चिंचेचा कोळ नको.
- चॉकलेट, चहा, कॉफी.
- साखरविरहित च्युइंगगममधलं झायलिटॉल.
- शिजवलेली हाडं. ती टोकदार फुटतात आणि आतडं फाडतात.
- आपल्या घरातल्या वेदनाशामक गोळ्या. हे अन्न नाही, पण भाकरीच्या तुकड्यात गुंडाळून बरेच जण देतात. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही बिघडतात.

विकतचं की घरचं?

पालक हा प्रश्न हमखास विचारतात. आजारासाठीचं विकतचं अन्न मोजून-मापून केलेलं असतं, पण महाग असतं आणि तालुक्याला सहज मिळत नाही. घरचं स्वस्त पडतं, ताजं असतं, पण त्यात काही ना काही कमी पडतं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या घरगुती अन्नाच्या २०० पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. नुसता भात आणि मांस यात तर कॅल्शियम जवळजवळ नसतंच.

म्हणून घरचं द्यायचं तर डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं आणि सांगितलेली पूरकं सोडायची नाहीत. इंटरनेटवर पाहून अंड्याच्या टरफलाची पूड घालायची असली तरी आधी विचारायचं.

माळकरी किंवा शाकाहारी घरातले पालक विचारतात, आम्ही मांस देत नाही, चालेल का? कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नाही. माणसासोबत हजारो वर्षं राहून तो पिष्टमय अन्न पचवायला शिकला आहे. लांडग्याच्या तुलनेत पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, हे २०१३ च्या संशोधनात दिसलं. आपल्या गावठी कुत्र्यांच्या पिढ्या भाकरीवर वाढल्या आहेत, हे उगाच नाही. नीट आखलेला शाकाहारी आहार देता येतो. पण आजारात तो आखणं जास्त अवघड असतं, कारण डाळ आणि पनीर वाढवलं की स्फुरदही वाढतं.

बदल हळू करायचा

नवीन अन्न एकदम सुरू केलं तर कुत्रा तोंड फिरवतो किंवा जुलाब होतात. पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवीन, मग निम्मं, मग पाऊण, आठवड्याने पूर्ण. उलट्या चालू असताना नवीन अन्न देऊच नये. मळमळीशी त्या वासाचा संबंध त्याच्या मनात पक्का होतो आणि पुढे तो ते कधीच खात नाही. अन्न थोडं कोमट करून दिलं की वास येतो आणि भूक लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने गुण आला आणि कशाने बिघडलं ते कळत नाही.

मोतीचा डबा

आता आमच्या वर्गाकडे येते. मुलांना "खाऊ घालू नका" एवढंच सांगून उपयोग नव्हता. त्यांचं प्रेम खाऊ घालण्यातूनच बाहेर पडत होतं. म्हणून आम्ही "मोतीचा डबा" सुरू केला. एक स्टीलचा डबा. डॉक्टरांच्या प्रमाणाप्रमाणे भात आणि अंड्याचा पांढरा भाग शाळेशेजारच्या एका घरातून रोज शिजवून यायचा. डब्याबाहेरचं काही नाही. भिंतीवर तक्ता लावला. दिनांक, किती खाल्लं, पाणी, उलटी, वजन. दर सोमवारी वजन. परिसर अभ्यास, गणित आणि लेखन, तिन्ही त्यात आपोआप झालं.

सुरक्षेचे नियम कडक ठेवले. डबा मोठ्या माणसानेच ठेवायचा. खाताना जवळ जायचं नाही. नंतर हात साबणाने धुवायचे. लघवी-उलटीला हात लावायचा नाही, कारण लेप्टोस्पायरोसिससारखा आजार कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो. रेबीजची लस दरवर्षी. हे नियम ज्या शाळेत पाळता येणार नाहीत, तिथे मुलांना यात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तक्त्यावर पहिल्या सोमवारी वजन होतं १३.५ किलो. दोन महिन्यांनी १४.४. उलट्या थांबल्या. परिपाठाला तो पुन्हा शेवटच्या रांगेमागे येऊन बसू लागला.

एके दिवशी चौथीतला एक मुलगा सुट्टीत थांबला. बराच वेळ खाली पाहत उभा होता. मग म्हणाला, "मॅडम, आपण त्याले बिस्किटं चारली म्हणून झालं का त्याले?"

मी त्याला खरं तेच सांगितलं. मूत्रपिंडं बहुतेक म्हातारपणाने थकतात, बिस्किटांनी नाही. आणि न विचारता कलेजी मी चारली होती, तू नाही. चूक कळल्यावर आपण काय केलं ते तक्त्यावर लिहिलेलं आहे, जाऊन वाच. तो गेला आणि त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचला.

मोती त्यानंतर अकरा महिने जगला. शेवटचे पंधरा दिवस सोडले तर चांगला जगला. एका सकाळी व्हरांड्यातल्या त्याच्या नेहमीच्या जागी तो झोपलेलाच सापडला. मुलांनी शाळेमागच्या कडुलिंबाखाली त्याला पुरलं. तक्त्यावरचा शेवटचा रकाना त्या दिवशी कोणी भरला नाही. तो आम्ही तसाच ठेवला आहे.

पालकहो, तुमच्या घरचा किंवा गल्लीतला कुत्रा जेवेनासा झाला, तर माझ्यासारखी बाजारातून कलेजी आणण्याची घाई करू नका. आधी त्याचं पाणी किती वाढलं ते पाहा, वजन करा, दवाखान्यात न्या. रिपोर्ट हातात आला की मग चूल पेटवा.

आमच्या व्हरांड्यातलं परळ अजून रोज भरलं जातं. आता तिथे एक काळी कुत्री येते. तिचं नाव काय ठेवायचं यावर मुलांचं एकमत होत नाही, पण तिचं वजन मात्र वहीत लिहून झालं आहे. १४.२ किलो.